वळूच्या नावापुढचा आकडा

कृत्रिम रेतनाची कांडी जेमतेम पाव मिलिलिटरची असते. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून डॉक्टर ती चिमट्याने बाहेर काढतात, अर्धा-पाऊण मिनिट कोमट पाण्यात धरतात, पुसतात आणि गनमध्ये भरतात. तेवढ्या वेळात कांडीवर बारीक अक्षरांत छापलेला वळूचा क्रमांक वाचता येतो. तो क्रमांक वीर्यकेंद्राच्या यादीत शोधला की पुढे एक आकडा दिसतो, दुधाचा, किलोत. या वळूच्या मुलींकडून दुधाची किती आशा धरावी, हे त्या आकड्यावरून ठरवायचं असतं. गोठ्यात या आकड्याची चौकशी फारशी होत नाही. ‘चांगल्या वळूची आहे ना?’ एवढंच विचारलं जातं.

वळू तर दूध देत नाही. मग त्याच्या नावावर किलोंचा हिशेब चढला कसा? त्याचा माग काढत गेलं की वाट डेन्मार्कच्या एका गावातून, वॉशिंग्टनमधल्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांजवळून आणि आयोवातल्या एका वर्गातून जात पुण्याजवळच्या उरुळी कांचनपर्यंत येऊन पोचते. वाटेत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतो. दोन गाईंच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातला रक्तातून आलेला किती आणि गव्हाणीतून आलेला किती?

‘खाण तशी माती’ हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. इंग्लंडात अठराव्या शतकात लेस्टरशरमधल्या डिशली गावचा शेतकरी रॉबर्ट बेकवेल याने हे जाणून धंदा उभा केला. तो आपले मेंढे विकण्याऐवजी हंगामापुरते भाड्याने देई. दुसऱ्यांच्या कळपांत त्यांची कोकरं कशी निपजतात ते पाही आणि चांगल्या संततीचा मेंढा स्वतःच्या कळपासाठी परत आणी. बापाची पारख मुलांवरून करायची, ही कल्पना तिथे पक्की झालेली दिसते. पण मेंढीचं अंग डोळ्यांनी जोखता येतं. दूध वेतभर, दहा महिने, रोज दोन वेळा निघतं आणि डेअरीत जाऊन इतरांच्या दुधात मिसळतं. ते गाईच्या नावावर लिहून ठेवल्याशिवाय पारखता येत नाही.

लिहून ठेवण्याची सोय झाली ती भलत्याच कारणाने. 1890 साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातली फॅट मोजण्याची सोपी रीत शोधली. लांब मानेच्या बाटलीत दूध घ्यायचं, त्यात सल्फ्युरिक आम्ल घालायचं, बाटली यंत्रात गरगर फिरवायची, गरम पाणी ओतून वर आलेली पिवळी फॅट मानेवरच्या रेघांवर वाचायची. तोवर दुधाचे पैसे वजनावर मिळत. पाणी घालणारा आणि साय काढून घेणारा फायद्यात राही. बॅबकॉक यांनी या रीतीचं पेटंट घेतलं नाही, त्यामुळे ती झपाट्याने पसरली. आपल्या डेअऱ्यांत चालत आलेली गर्बर पद्धत त्याच काळातली, स्वित्झर्लंडमधली. पैसे न्याय्य मिळावेत एवढाच तिचाही हेतू होता.

1895 साली डेन्मार्कमधल्या वेजेन इथे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन दूधनोंदणीचं मंडळ काढलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट ही आहे. मंडळाचा पगारी माणूस पाळीपाळीने एकेका गोठ्यावर जाई, सकाळ-संध्याकाळच्या धारा गाईगणिक तोली, नमुना घेऊन फॅट काढी, चाऱ्याचा हिशेब लिही आणि पुढच्या गोठ्याकडे निघे. कोणती गाय आपलं खाणं फेडते आणि कोणती नुसतीच खाते, हे महिन्याच्या शेवटी वहीत दिसे. हेल्मर राबिल्ड या डॅनिश माणसाने 1905 मध्ये हीच रीत अमेरिकेत मिशिगन राज्यात नेली. यातल्या कुणाच्या मनात आनुवंशशास्त्र नव्हतं. न परवडणारी गाय काढून टाकायची, एवढंच त्यांना हवं होतं. पण पुढच्या शंभर वर्षांतलं सगळं गणित या वह्यांवर उभं राहिलं.

वह्या हाती आल्यावर पहिला मोह झाला तो मायलेकींची तुलना करण्याचा. वळूच्या मुलींचं सरासरी दूध घ्यायचं, त्यांच्या आयांचं सरासरी दूध घ्यायचं. मुली वरचढ असतील तर वळू सुधारणारा, नसतील तर बिघडवणारा. अमेरिकेत कित्येक वळू असे ‘सिद्ध’ ठरवले गेले. यातली गफलत कोणत्याही गोठेवाल्याच्या लक्षात यावी अशी होती. आई व्यायली त्या वर्षी दुष्काळ आणि मुलगी व्यायली त्या वर्षी हिरवा चारा मुबलक, तर वाढलेल्या दुधाचं श्रेय वळूला फुकट मिळायचं. मालकाने दरम्यान पेंड वाढवली असेल तरी तेच. शिवाय काही जातींच्या नोंदणीत सात दिवसांच्या विशेष चाचण्या चालत आणि त्या आठवड्यासाठी गाईला खास खुराक देऊन तयार केलं जाई. आकडा मोठा निघे, पण तो खुराकाचा की रक्ताचा हे सांगायला काही साधन नव्हतं.

ते साधन गाईंवर घडलं नाही. 1915 पासून दहा वर्षं सिवॉल राइट हे तरुण शास्त्रज्ञ अमेरिकी कृषिखात्यात गिनीपिगांवर काम करत होते. अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांचं प्रमाण प्रत्येकात वेगळं का, हा त्यांचा प्रश्न. सख्ख्या भावा-बहिणींची जोडी पिढ्यान्‌पिढ्या लावून तयार केलेलं एक घराणं त्यांच्यापाशी होतं. तिथे सगळ्यांचं रक्त जवळपास एकच, तरीही ठिपक्यांत फरक होताच. राइट यांनी 1920 मध्ये दाखवलं की सरमिसळ कळपात ठिपक्यांच्या फरकाचा बराच वाटा आनुवंशिक असतो, पण या घराण्यात तो जवळजवळ शून्यावर येतो. प्राणी तोच आणि गुणही तोच, फक्त कळप बदलला आणि उत्तर बदललं. त्याआधी दोनच वर्षं, 1918 मध्ये, रोनाल्ड फिशर यांचा निबंध एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने छापला होता. एकेकटा अगदी लहान परिणाम करणारे पुष्कळ घटक मेंडेलच्या नियमांनी वारशात येत असतील, तर नातेवाइकांत किती साम्य दिसावं, याचा त्यात हिशेब होता. संख्याशास्त्रात आपण ज्याला प्रचरण म्हणतो, ते माप, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, फिशर यांनी याच निबंधात मांडलं. त्या मापाची वाटणी करता येते. एकूण फरकातला इतका भाग वारशाचा, इतका परिस्थितीचा, असं बेरजेने मांडता येतं.

हे गणित गोठ्यात आणलं जे लश यांनी. आयोवा स्टेट कॉलेजात पशुपैदाशीचे ते प्राध्यापक. राइट यांची व्याख्यानं ऐकायला 1931 मध्ये ते कॉलेजाच्या गावाहून, एम्सहून, शिकागोला जात. स्वतः नामांकित प्राध्यापक असताना दुसऱ्याच्या वर्गात विद्यार्थी होऊन बसणं सोपं नसतं, आणि पुढचं सगळं त्या बसण्यातून आलं. 1937 च्या त्यांच्या पुस्तकाने पशुपैदाशीचं शास्त्र एका पिढीला शिकवलं. 1940 मध्ये त्यांनी फार सुरेख युक्ती मांडली. एकाच वळूला लावलेल्या गाईंचे दोन गट करा, जास्त दुधाच्या आणि कमी दुधाच्या. बाप एकच आहे, तेव्हा मुलींमध्ये जो फरक उतरेल तो आयांकडून आलेला. समजा, आयांच्या दोन गटांत 1000 किलोंचा फरक आहे आणि मुलींमध्ये तो 125 किलो उरला. आई निम्माच वारसा देते, म्हणून 125 ची दुप्पट करायची. 1000 पैकी 250, म्हणजे पाव भाग वारशाचा.

या पाव भागालाच हेरिटॅबिलिटी म्हणतात. होल्स्टीनसारख्या जातीत वेताच्या दुधासाठी ती साधारण 0.25 ते 0.30 धरली जाते. यावरून गैरसमज फार होतात. गाय देते त्या लिटरभर दुधातलं पाव लिटर आईबापांचं आणि पाऊण लिटर पेंडीचं, असा याचा अर्थ नाही. त्या कळपातल्या गाईगाईंमध्ये जो फरक आहे, त्याच्या प्रचरणाचा पाव हिस्सा वारशाने समजतो, एवढंच हा आकडा सांगतो. राइट यांच्या गिनीपिगांनी दाखवलं तेच इथेही लागू पडतं. कुठे गाईंना खायला-प्यायला अगदी असमान मिळत असेल तर तोच आकडा खाली येईल. बाजारात दुधाळ गाईसाठी हजारो रुपये जादा मोजणाऱ्याने मात्र लश यांचं उदाहरण ध्यानात ठेवावं. सोबतच्या गाईंपेक्षा 1000 किलो जास्त देणाऱ्या गाईच्या कालवडीकडून, सरासरीने, 125 किलोच जास्तीचे मिळण्याची आशा धरता येते.

वळूचा प्रश्न अजून तसाच होता. तो सुटला कृत्रिम रेतनाने. डेन्मार्कमध्ये 1936 साली सामसो बेटावर रेतनाची सहकारी संस्था निघाली, दोन वर्षांनी अमेरिकेत न्यू जर्सीत. एका वळूच्या मुली आता शंभर गोठ्यांत विखुरल्या आणि प्रत्येक गोठ्यात त्यांच्या शेजारी, तोच चारा खाणाऱ्या, त्याच ऋतूत व्यालेल्या, दुसऱ्या वळूंच्या मुली होत्या. आईशी तुलना करण्याचं कारणच उरलं नाही. एडिंबरोचे ॲलन रॉबर्टसन आणि जेम्स रेंडेल यांनी 1950 मध्ये ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’मध्ये या पद्धतीचं गणित मांडलं. पुढे ब्रिटनमध्ये समकालीन गाईंच्या तुलनेवर वळू जोखले जाऊ लागले. ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ तेव्हा जे. बी. एस. हाल्डेन चालवत. 1957 मध्ये हाल्डेन भारतात आले आणि तेही सोबत आलं. आज ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीकडून निघतं.

विखुरलेल्या या सावत्र बहिणींवरून आनुवंशिक फरक काढण्याची रीत समजायला सोपी आहे. सावत्र बहिणींना जोडणारा दुवा एकच, बाप, आणि त्यांच्यात समान असतो तो आनुवंशिक प्रचरणाचा एक चतुर्थांश. म्हणून वळूवळूंच्या मुलींच्या सरासऱ्यांत, नशिबाचा भाग वगळून, जो फरक उरतो त्याच्या प्रचरणाची चौपट करायची. आकडे घेऊन पाहू. गाईंच्या दुधाचं प्रमाण विचलन 600 किलो, म्हणजे प्रचरण 3,60,000. वळूंमुळे येणारं विचलन 150 किलो, म्हणजे प्रचरण 22,500. त्याची चौपट 90,000. ती 3,60,000 च्या पाव पट भरते.

इथे एक जण येतो ज्याच्यावाचून आजचा वळूचा आकडा निघालाच नसता. चार्ल्स हेंडरसन, आयोवाच्या शेतकरी मुलखातला, लश यांच्या हाताखाली शिकलेला, पुढे कॉर्नेल विद्यापीठात गेलेला. विद्यार्थिदशेत संख्याशास्त्राच्या वर्गात त्याला एक उदाहरण मिळालं होतं. बुद्ध्यंकाची सरासरी 100, विचलन 15. चाचणीची चूक 5. एका मुलाला 130 गुण पडले, तर त्याचा खरा बुद्ध्यंक किती मानावा? उत्तर 130 नाही. चाचणीतला काही भाग नशिबाचा असतो, आणि असामान्य गुण पडलेल्यात नशिबाने साथ दिलेली असण्याची शक्यता जास्त. एकूण प्रचरण 225 अधिक 25, म्हणजे 250; त्यातलं खरं 225. सरासरीपेक्षा जे 30 गुण जास्त आहेत त्यांतले 27 धरायचे. उत्तर 127. हेंडरसनने हे वर्गापुरतं सोडवून सोडून दिलं नाही. वळूच्या मुलींची सरासरी म्हणजे त्या मुलाचे गुणच, हे त्याने ओळखलं.

हेरिटॅबिलिटी 0.25 असेल तर गणित असं बसतं: मुलींची संख्या भागिले मुलींची संख्या अधिक 15. एका वळूच्या पाच मुली सोबतिणींपेक्षा सरासरी 200 किलो सरस निघाल्या, तर 5 भागिले 20. पुढच्या मुलींकडून 50 किलोंचीच अपेक्षा ठेवायची. साठ मुलींनी तेच 200 दाखवले तर 60 भागिले 75, म्हणजे 160. आणि हेरिटॅबिलिटी खरं तर 0.10 असेल तर 15 च्या जागी 39 येतात आणि पाच मुलींच्या वळूचे 50 किलो 23 वर घसरतात. आनुवंशिक फरकाचा अंदाज चुकला की यादीतला प्रत्येक वळू चुकतो, आणि प्रमाणात पाहिलं तर पाच मुलींचा सर्वांत जास्त. पाच मुलींवर नाव कमावलेल्या वळूचा बोलबाला किती लवकर होतो हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या 15 च्या आकड्याचं मोल कळेल.

गोठे, वर्षं, वयं, वळू सगळे एकाच वेळी हिशेबात धरणारी समीकरणं हेंडरसनने 1949-50 च्या सुमारास मांडली. ती सोडवायला पुरेसे संगणक मात्र नव्हते. 1970 मध्ये कॉर्नेलने ईशान्य अमेरिकेतले वळू या पद्धतीने तोलून पहिली यादी काढली. 1976 मध्ये हेंडरसनने आणखी एक कोडं सोडवलं. लाखो जनावरांच्या परस्पर नात्यांचा प्रचंड तक्ता उलटा न मांडता, नुसती वंशावळ वाचत थेट उत्तर लिहून काढायची रीत सापडली. त्यामुळे 1989 मध्ये अमेरिकेत प्रत्येक गाय आपापल्या नावाने, आई, बाप, मावश्यांसकट, हिशेबात आली. प्रचरणाचे अंदाज काढण्याचं काम याच काळात समांतर चाललं होतं. पॅटर्सन आणि थॉम्पसन यांची 1971 ची रीत आजही रोज वापरात आहे. तिच्याशी जवळचं नातं असलेली दुसरी रीत त्याच सुमारास सी. आर. राव यांनी मांडली, आणि ते तेव्हा भारतीय संख्याशास्त्र संस्थेत होते. शेतीच्या संख्याशास्त्राचा वारसा तर आपल्या अगदी घरचा. शेतीसंशोधकांच्या पिढ्या ज्यावर शिकल्या, त्या 1954 च्या पुस्तकावर पानसे आणि सुखात्मे ही नावं आहेत, आणि त्यांतले पांडुरंग सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे.

फळ काय मिळालं ते अमेरिकेत स्पष्ट दिसतं. 1944 मध्ये तिथली गाय वर्षाला सरासरी दोन हजार किलोंच्या थोडं वर दूध देई. 2007 मध्ये नऊ हजारांच्या वर. वाढीचा मोठा भाग वारशाचा मानला जातो. किंमतही मोजावी लागली. पॉनी फार्म आर्लिंडा चीफ हा 1962 मध्ये जन्मलेला वळू दुधासाठी इतका सरस ठरला की त्याला सोळा हजार मुली झाल्या आणि पाच लाखांवर नाती. त्याच्या एका जनुकात बिघाड होता. दोन्ही बाजूंनी तो आला की गर्भ पोटातच मरतो. जगभरात त्यापायी सुमारे पाच लाख गर्भपात झाले असावेत, असा अंदाज आहे. दुधाच्या नोंदीत हे दिसलं नाही, कारण जे वासरू जन्मालाच येत नाही त्याची नोंद कुणी घेत नव्हतं.

बिघाड सापडला तो जनुकचिपमुळे. म्युविसन, हेज आणि गॉडर्ड यांनी 2001 मध्ये दाखवलं होतं की जनुकांवरच्या हजारो खुणा एकदम वाचता आल्या, तर मुली दुधात येण्याची वाट पाहावी लागणार नाही. पन्नास हजारांहून जास्त खुणांची गाईची चिप थोड्याच वर्षांत बाजारात आली आणि जानेवारी 2009 पासून अमेरिकेत तिच्यावर आधारलेले आकडे अधिकृत झाले. एखाददुसरं मोठं जनुक सापडलंही. डीजीएटी-1 नावाच्या जनुकाचा जो प्रकार दुधात फॅट वाढवतो, तो आपल्या देशी गाई-म्हशींत जवळजवळ सर्वत्र आहे. पण दुधाच्या फरकाचा बहुतेक भाग निघाला तो अतिशय लहान परिणामांच्या अगणित खुणांचा. 1918 मध्ये फिशर यांनी गृहीत धरलं होतं, तसाच.

आता आपल्या गोठ्याकडे. मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळी कांचनला बाएफ ही संस्था सुरू केली आणि दारात येऊन रेतन ही गोष्ट महाराष्ट्रातल्या खेड्यांना ओळखीची झाली. कांडी पोचली, वही पोचली नाही. आपल्याकडे सर्वसाधारण घरात दुधात असलेल्या गाई दोनसुद्धा नसतात. मग सोबतीण कुठली घेणार? एका गाईच्या घरात, तेवढ्याच घराच्या नोंदीवरून, गाईचा गुण आणि मालकाचा हात वेगळा काढता येत नाही. बाप कोण, हे कित्येकदा कुणालाच सांगता येत नाही. गाय बाजारात विकली की कानातला बिल्ला तुटतो आणि तिची गोष्टही तिथेच तुटते. देशी गाईला पान्हा सोडायला वासरू लावावं लागतं, आणि वासरू पितं ते मापात येत नाही.

म्हणूनच बाएफच्या नोंदींवर झालेला आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. लहान शेतकऱ्यांच्या संकरित गाई, महिन्यातून एकदा मोजलेलं दूध, आणि वंशावळीच्या जागी चिपने वाचलेलं नातं. कोण कुणाची किती सगी हे जनुकंच सांगतात, मग बापाचा क्रमांक हरवला तरी चालतं. दिवसाच्या दुधाची हेरिटॅबिलिटी सरासरी 0.23 निघाली, लश यांच्या शिष्यांना ओळखीची वाटावी अशीच. विखुरलेल्या, दोन-दोन गाईंच्या गोठ्यांतही वारशाचा फरक आहे आणि तो मोजता येतो, हे त्यातून सिद्ध झालं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गोठ्यांची वाटणी जास्त, मध्यम आणि कमी उत्पादनाच्या परिस्थितीत केली, तेव्हा दिवसाची सरासरी अनुक्रमे साडेनऊ, सात आणि साडेचार किलोंच्या आसपास आली. जिथे सोय चांगली तिथे एचएफचा, म्हणजे होल्स्टीन रक्ताचा, अंश वाढत गेला तसं दूध वाढत गेलं. मध्यम आणि कमी गटांत मात्र मधल्या अंशापुढे एचएफ वाढवूनही काही वाढलं नाही. परदेशातल्या यादीत पहिला असलेला वळू इथल्या कोरडवाहू गावात पहिला राहीलच असं नाही.

5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते देशी गाईंसाठीची एकत्रित जनुकचिप आली. चिप खुणा वाचते. कोणती खूण किती दुधाची हे तिला शिकवावं लागतं, आणि ते शिकवायला नोंद असलेल्या हजारो गाई लागतात, इथल्याच, इथल्या चाऱ्यावरच्या. प्रकल्प चालू असतात तोवरच नोंदी होतात. वेजेनच्या मंडळाचा माणूस मात्र सभासदांच्या पैशांतून दारात येत होता.

मला एक गोष्ट करून पाहावीशी वाटते. गावच्या दूध संकलन केंद्रावर रोज दोन वेळा प्रत्येक सभासदाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ यंत्रावर उमटतात आणि संगणकात साठतात. ती नोंद शेतकऱ्याच्या नावाची असते, गाईच्या नावाची नसते. पण ज्या घरात एकच गाय दुधात आहे, तिथे किटलीतलं दूध त्या एकाच गाईचं असतं, आणि अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. घरी चहाला आणि विरजणाला ठेवलेलं दूध त्यातून वजा झालेलं असेल, वासराचा वाटाही. तरी आठवड्याला चौदा नोंदी, वेतभर, गाव आणि ऋतू धरून, हे थोडं नाही. अशा घरांच्या सभासद क्रमांकाला गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक जोडायचा, गाय व्यायली आणि भाकड गेली ती तारीख लिहायची, आणि महिन्यातून एकदा घरी जाऊन मापून पडताळा घ्यायचा. एका तालुक्याच्या दूध संघाला हे पुढच्या हंगामापासून सुरू करता येईल.